चिकट पानांचा नाजूक व्यवहार : पिंग्विक्युलाची ओळख आणि लागवड

सुती पॉपलिन आणि पॉलिएस्टरची पॉपलिन शेजारी शेजारी ठेवली तर नवख्या गिऱ्हाइकाला दोन्ही एकच वाटतात. जाणकार काठाचा एक धागा ओढतो आणि त्याला काडी लावतो. राख झाली तर सूत, कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर. भाव त्या धाग्यावर ठरतो, दुकानदाराच्या तोंडच्या शब्दावर नाही. या पानावर आपण नेहमी यंत्रमाग, चामडे, पितळ, अत्तर अशा मालाविषयी वाचतो. आज एका अगदी वेगळ्या मालाविषयी लिहायचे आहे. तिथेही सारा सौदा अशाच एका धाग्यावर टांगलेला असतो. हा माल म्हणजे पिंग्विक्युला नावाची इवलीशी, कीटक खाणारी वनस्पती.

नाव परदेशी आहे आणि त्याला मराठी प्रतिशब्द नाही. लॅटिन भाषेत ‘पिंग्विस’ म्हणजे चरबीदार, स्निग्ध. पानावर तुपाचा हात फिरवावा तशी चकाकी दिसते, म्हणून हे नाव पडले. शौकीन मंडळी लाडाने तिला नुसते ‘पिंग’ म्हणतात. झाड म्हणावे असे तिच्यात काही नाही. जमिनीला चिकटून पानांचे एक गुलाबफुलासारखे चक्र आणि त्यातून वर आलेल्या बारीक दांडीवर एक फूल, एवढाच संसार. पान मात्र कसबी आहे. त्यावर दोन प्रकारच्या ग्रंथी असतात. देठ असलेल्या ग्रंथींच्या टोकाला डिंकासारखा थेंब असतो, त्यावर चिलट बसले की अडकते. बिनदेठाच्या ग्रंथी पानाला लागून असतात. त्या पाचक रस सोडतात आणि चिलटाचा रस पानात शोषला जातो. मुळांना नापीक जमिनीतून जे मिळत नाही, ते पान हवेतून कमावते.

चार्ल्स डार्विनने १८७५ साली कीटकभक्षक वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, त्यात या वनस्पतीवर एक प्रकरण आहे. नॉर्थ वेल्समधून एका मित्राने त्याला मुद्दाम निवडलेली ३९ पाने पाठवली होती. त्यांपैकी ३२ पानांवर मिळून १४२ कीटक चिकटलेले निघाले, म्हणजे पानामागे चारपेक्षा थोडे जास्त. हिशेबी माणूस होता, मोजून लिहायचा. म्हणूनच दीडशे वर्षांनंतरही त्याचे आकडे कामाला येतात.

हे सगळे फार दूरचे वाटू नये. कासच्या पठारावर पावसाळ्यात निळ्याजांभळ्या फुलांचा गालिचा पसरतो. त्यातली ‘सीतेची आसवे’ ही युट्रिक्युलेरिया. ती आणि पिंग्विक्युला एकाच कुळातल्या, चुलत बहिणी म्हणा. पिंग्विक्युलाची एक पांढऱ्या फुलाची जात, अल्पिना, आपल्या हिमालयातही आहे. महाराष्ट्रात मात्र रानात एकही पिंग्विक्युला नाही. तिचे खरे माहेर मेक्सिको. जगात या वनस्पतीच्या शंभराच्या आसपास जाती आहेत, त्यांतल्या साधारण निम्म्या तिथल्या डोंगरांत सापडतात. नकाशा काढून पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. ओआहाका ते सान लुईस पोतोसी हा मेक्सिकोचा पट्टा आणि आपला सावंतवाडी ते नागपूर पट्टा जवळपास त्याच अक्षांशांत येतात. तिथेही पाऊस उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होतो आणि हिवाळा कोरडा जातो. फरक उंचीचा आहे. तिथले डोंगर बरेच उंच, त्यामुळे रात्री थंड असतात. लागवडीच्या मुद्द्यावर येऊ तेव्हा हा फरक आठवावा लागेल.

नावांचा गोंधळ

या धंद्यात मालाची किंमत झाडाच्या आकारावर ठरत नाही, नावाच्या पट्टीवर ठरते. एकाच मापाच्या दोन कुंड्या असतात. एकीवर नुसते ‘पिंग्विक्युला’ लिहिलेले असते, दुसरीवर जातीचे पूर्ण नाव आणि मूळ कोणत्या डोंगरातले तेही लिहिलेले असते. पहिली फुलवाल्याच्या दुकानात शोभेची म्हणून जाते. दुसरीसाठी संग्राहक माणूस महिनोन्‌महिने थांबतो. पण पाने पाहून दोघींत फरक सांगणे अवघड, आणि घोटाळा होतो तो इथेच.

सगळ्यात जास्त घोटाळा झाला तो मोरानेन्सिस या जातीचा. मेक्सिकोतल्या मोरान खाणीवरून १८१७ साली तिला हे नाव मिळाले. हम्बोल्ट आणि बोनप्लाँ या दोन प्रवाशांनी ती गोळा केली होती. ही जात मेक्सिकोपासून ग्वाटेमालापर्यंत पसरली आहे आणि प्रत्येक डोंगरात तिचे रूप थोडे बदलते. कुठे फूल गुलाबी, कुठे गडद जांभळे, कुठे पाकळ्या रुंद, कुठे अरुंद. युरोपात ही झाडे पोहोचली तेव्हा प्रत्येक रूप नवी जात समजून त्याला निराळे नाव दिले गेले. कुणी तिला कौडाटा म्हटले, कुणी बेकेरियाना. जर्मनीच्या कास्परने १९६६ साली या साऱ्या वंशाचा मोठा अभ्यासग्रंथ प्रसिद्ध केला आणि बराच हिशेब मार्गी लागला. पुढे मेक्सिकोच्या सर्जिओ झामुदियो यांनी तिथल्या अनेक नव्या जातींचे वर्णन केले. तरीही जुनी नावे काही कुंड्यांवरून अजून उतरलेली नाहीत. बंद पडलेल्या गिरणीचा छाप थानावर वर्षानुवर्षे राहावा, तसा हा प्रकार आहे.

धागा ओढून पाहणे

आता मुद्द्याचे. सारख्या दिसणाऱ्या जाती ओळखायच्या कशा? पहिली गोष्ट, पानाच्या रंगावर भरवसा ठेवू नये. कडक उजेडात ठेवले की हिरवे पान तांबूस होते, सावलीत आणले की पुन्हा हिरवे. कच्च्या रंगाच्या कापडासारखेच. आकाराचेही तेच. भरपूर चिलटे मिळालेले झाड दुप्पट दिसते. पाहायचे ते फूल, फुलामागची शेपटीसारखी नळी म्हणजे शिंग, फुलाचा घसा, आणि हिवाळ्यात झाड काय रूप घेते ते.

हिवाळ्याची खूण फार मोलाची आहे. मेक्सिकोतल्या बऱ्याच जाती वर्षात दोन वेष करतात. पावसाळ्यात मोठी, चिकट, कीटक धरणारी पाने असतात. कोरड्या हिवाळ्यात ती जाऊन त्याजागी लहान, जाड, मांसल पानांची घट्ट गड्डी येते आणि त्या पानांवर डिंक नसतो. काही जाती मात्र बारमाही एकाच वेषात राहतात. म्हणून विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न असा : हे हिवाळ्यात कसे दिसते? ज्याने झाड वर्षभर सांभाळले आहे तो लगेच सांगेल. ज्याने कालच आणले आहे तो विषय बदलेल.

अग्नाटा आणि जायगान्टिया या जोडीचा दाखला घ्या. दोघींची पाने जाडसर, दोघींचे फूल फिकट, एका नजरेत सारखेच. अग्नाटा कास्परने १९६३ साली नोंदवली. जायगान्टियाला तिचे शास्त्रीय नाव १९९५ साली मिळाले. त्याआधी ती ओआहाकातल्या अयाउत्ला या गावाच्या नावाने शौकिनांमध्ये हातोहात फिरत होती. नावाप्रमाणे ती मोठी होते, पण छोट्या कुंडीत छोट्या झाडाला हे माप लागू पडत नाही. इथे बोटाची परीक्षा उपयोगी पडते. पान हलकेच उलटे करून खालच्या बाजूला बोट लावावे. बहुतेक पिंग्विक्युलांचे पान फक्त वरून चिकट असते, जायगान्टियाचे दोन्ही बाजूंनी. कापडाचा पोत अंगठा आणि बोटात धरून पाहणाऱ्याला ही परीक्षा शिकवावी लागणार नाही.

अरुंद पानांच्या तीन जाती नेहमी एकमेकींच्या नावाने विकल्या जातात. जिप्सिकोला ही सान लुईस पोतोसीच्या जिप्समच्या, म्हणजे ज्यापासून प्लास्टर ऑफ पॅरिस करतात त्या दगडाच्या उतारांवर वाढते. मोक्तेझुमे ही मोक्तेझुमा नदीच्या दरीतली, ती १९९४ साली नोंदली गेली. तिसरी हेटेरोफिला. तिघींची पावसाळी पाने लांब पट्टीसारखी, उन्हात चमकणारी. पावसाळ्यात ओळखणे कठीण, हिवाळ्यात सोपे. जिप्सिकोला बारीक मांसल पानांची टपोरी गड्डी करते. हेटेरोफिला जमिनीत शिरून कांद्यासारखी होते आणि वर जवळजवळ काही दिसत नाही. मोक्तेझुमे वेष बदलत नाही, लांब पाने तशीच ठेवते. म्हणजे जानेवारीत लांब पट्टीच्या पानांचे झाड ‘जिप्सिकोला’ म्हणून कोणी देऊ लागला तर सौदा तिथेच थांबवावा.

सर्वांत अवघड गट लहान गड्डीवाल्यांचा आहे : एसेरियाना, एह्लर्सिए, हाउमावेन्सिस, डेबर्टियाना. या १९८१ ते १९९२ या काळात एकामागून एक नोंदल्या गेल्या. सगळ्या रुपयाच्या नाण्यापासून बशीच्या मधल्या वर्तुळाएवढ्या, सगळ्या हिवाळ्यात कमळाच्या कळीसारख्या गच्च. फुलाच्या रंगात फरक आहे. एसेरियानाचे फूल फिकट, एह्लर्सिएचे अधिक गडद. पण मधल्या छटांची झाडे इतकी आहेत की शास्त्रज्ञांतच एकमत नाही. काही जण त्यांतल्या दोन-तीन नावांना एकच जात मानतात. इथे माझे मत स्पष्ट आहे. जिथे पंडित भांडतात तिथे व्यापाऱ्याने निवाडा देऊ नये. झाड ज्या नावाने आणि ज्या ठिकाणची म्हणून आले, ते नाव आणि ते ठिकाण पट्टीवर जसेच्या तसे ठेवावे. ‘एह्लर्सिए’ला जास्त गिऱ्हाईक आहे म्हणून पट्टी बदलणे ही सरळ बनवाबनवी आहे.

युरोपातल्या वल्गॅरिस आणि ग्रँडिफ्लोरा यांचेही असेच. पाने डोळे मिटून सारखी. फूल पाहावे : ग्रँडिफ्लोराच्या पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या. या दोघी थंड प्रदेशाच्या, हिवाळ्यात बर्फाखाली कळी होऊन झोपणाऱ्या. आपल्याकडे त्यांच्या नादी लागू नये. जाता जाता एक मजेची गोष्ट. उत्तर युरोपात वल्गॅरिसची पाने दुधात घालून दूध घट्ट करण्याची जुनी रीत होती, लिनियसने १७३७ सालच्या ग्रंथात तिची नोंद केली आहे.

संकर आणि त्यांची नावे

बाजारात आज सर्वांत जास्त दिसणारी झाडे रानातल्या जातींची नाहीत, संकरित आहेत. ‘वेझर’ आणि ‘सेथोस’ ही दोन्ही एकाच आई-बापांची, म्हणजे मोरानेन्सिस आणि एह्लर्सिए यांची संतती. सख्खी भावंडे असल्यामुळे पानांवरून ओळखणे व्यर्थ. फूल आले की ‘सेथोस’च्या घशाशी पांढरी चांदणी दिसते, ‘वेझर’च्या पाकळ्यांवर शिरांची जाळी. ‘टीना’ ही अग्नाटा आणि झेखेरी यांची. ती गुटगुटीत पानांमुळे शुद्ध अग्नाटा म्हणून खपवली जाते, पण तिचे जांभळे फूल बिंग फोडते.

अशा नावाजलेल्या वाणांची नोंद ठेवण्याचे काम १९९८ पासून इंटरनॅशनल कार्निव्होरस प्लांट सोसायटीकडे आहे. ही संस्था १९७२ साली सुरू झाली. ट्रेडमार्कशी याची गल्लत करू नये, पण व्यापाऱ्याच्या दृष्टीने मतलब तसाच आहे. नोंदलेल्या नावाचे झाड म्हणजे त्या मूळ झाडाच्या पानापासून केलेले झाड. त्याच्या बियांपासून उगवलेले रोप कितीही सारखे दिसले तरी त्याला ते नाव लावता येत नाही. भावंडांना बापाचे आडनाव मिळते, पहिले नाव मिळत नाही.

लागवड : कमी द्या, वेळेवर द्या

आता कारागिराच्या कामाकडे. मेक्सिकोच्या पिंग्विक्युला खडकाच्या फटीत, चुनखडीच्या भिंतीवर, शेवाळात वाढतात. म्हणून शेणखत, काळी माती, कंपोस्ट यांतले काहीही नको. धुतलेली जाडी वाळू, परलाइट, व्हर्मिक्युलाइट, बारीक खडी असे खनिज मिश्रण चांगले. जिप्सिकोलासारख्या जातीला काही जण चिमूटभर जिप्सम घालतात. आपल्याकडे सहज मिळणारे कोकोपीट वापरायचेच झाले तर थोडेच वापरावे, तेही अनेकदा पाणी बदलून धुतल्याशिवाय नको. त्यात मीठ असते. रासायनिक खत मुळांना कधीही नको.

पाणी पावसाचे उत्तम. आपल्याकडे चार महिने आभाळातून फुकट पडते, ते पिंपात साठवले तर छोट्या संग्रहाला वर्षभर पुरते. नाहीतर यंत्राने गाळलेले, क्षार काढलेले पाणी. बोअरचे जड पाणी या कुळातल्या बहुतेक वनस्पतींना घातक. मेक्सिकन जाती चुनखडीवर वाढणाऱ्या असल्याने थोडे सोसतात, पण कुंडीत क्षार साचत जातात आणि वरच्या थरावर पांढरी पापडी धरते. ती दिसली की कुंडी बदलावी.

पावसाळ्यात, मोठी चिकट पाने असताना, कुंडीखालच्या बशीत बोटाच्या पेराएवढेसुद्धा नको, त्याच्या निम्मे पाणी ठेवावे. हिवाळ्यात मांसल गड्डी झाली की बशी काढून टाकावी आणि मिश्रण जवळजवळ कोरडे ठेवावे. मेक्सिकन पिंग्विक्युला तहानेने क्वचित मरतात, हिवाळ्यातल्या मायेच्या पाण्याने कुजून मरतात. गड्डीच्या मध्यातून चिकट, डिंक धरलेले पहिले पान डोके वर काढते, तोच पाणी वाढवण्याचा इशारा. तारीख पाहून पाणी देऊ नये, पान पाहून द्यावे.

उजेड भरपूर हवा, पण आपले एप्रिल-मेचे दुपारचे ऊन नको. पूर्वेची खिडकी किंवा दुहेरी शेडनेट चालते. ट्यूबलाइटखाली फळीवर वाढवणारेही पुष्कळ आहेत. रात्री गारवा मिळेल अशा पुणे, नाशिक, सातारा, बेंगळुरू अशा उंचावरच्या शहरांत हे काम सोपे. किनाऱ्यावर दमट, गरम रात्री हीच अडचण. तिथे मोरानेन्सिस आणि तिचे संकर यांपासून सुरुवात करावी. दुर्मीळ जातींचा हट्ट पहिल्याच वर्षी धरू नये.

खायला काय घालायचे, असे लोक विचारतात. काहीच नाही. खिडकीतली चिलटे पुरतात. ऑर्किडवाले तर कुंड्यांतल्या मातीत होणारी चिलटे आटोक्यात ठेवायला मुद्दाम पिंग्विक्युला शेजारी ठेवतात. मांसाचा तुकडा, चीज असले प्रयोग करू नयेत, पान सडते.

एका पानाचे एक झाड

धंद्याच्या दृष्टीने सर्वांत गोड भाग पुढचा आहे. हिवाळ्याची गड्डी सुटायच्या आधी, आपल्याकडे साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, तिची बाहेरची पाने एक एक करून बाजूला झुकवत हलकेच ओढावीत. पानाचा पांढरा बुंधा पूर्ण सुटून आला पाहिजे. मध्येच तुटलेले पान वाया जाते. अशी पाने ओलसर वाळूवर किंवा शेवाळावर ठेवायची, वरून झाकण, सावलीतला उजेड. काही आठवड्यांत बुंध्याशी टाचणीच्या डोक्याएवढे रोप दिसते. गड्डीत पन्नास पाने असतील तर वीस काढली तरी आईला धक्का लागत नाही. ती वीसही साधली नाहीत, बारा साधली असे धरा. पुढच्या हिवाळ्यात त्या बारांना प्रत्येकी चार पाने काढता येतील. आकडा कसा वाढतो ते हिशेबाच्या माणसाला सांगायला नको. शिवाय हिवाळ्याची गड्डी कोरडी असते. कागदात गुंडाळून डब्यात घातली की टपालातले काही दिवस सहज काढते. पावसाळी चिकट पानांचे झाड पाठवले तर कागदासकट लगदा होतो.

पानापासून केलेले रोप हे मूळ झाडच असते, त्यात फरक पडत नाही. म्हणून पट्टी खरी राहते. बियांचे तसे नाही. पिंग्विक्युलाच्या फुलात स्त्रीकेसराचा एक पडदा परागांवर झाकण धरून असतो. तो उचलून काडीने किंवा बारीक कुंचल्याने पराग लावावे लागतात. शेजारी दहा जाती फुललेल्या असताना, कोणाचे पराग कोणाला लावले हे लिहून न ठेवता केलेले बी म्हणजे मिसळलेले सूत. ते ‘शुद्ध’ म्हणून विकले की चार वर्षांनी, फूल आल्यावर, गिऱ्हाईक परत येते. किंवा परत येतच नाही.

रानातून उपटून आणण्याचा मुद्दाही टाळता येणार नाही. मेक्सिकोतल्या कित्येक जाती एकाच दरीत, एकाच कड्यावर आहेत. नव्या जातीचे ठिकाण जाहीर झाले की गोळा करणारे तिथे पोहोचतात, म्हणून नेमके ठिकाण सांगायला आता अभ्यासक कचरतात. अमेरिकेच्या फ्लोरिडातली आयोनान्था ही जात १९९३ साली तिथल्या सरकारने धोक्यातली म्हणून यादीत घातली. तिथे मुख्य कारण दलदलींचा ऱ्हास होते, पण अशा झाडाला चोरीचा फटकाही सोसत नाही. एका पानातून एक झाड होत असताना रानातले झाड उपटणाऱ्याकडून माल घेण्याचे काहीच कारण उरत नाही. विक्रेत्याला दुसरा प्रश्न हाच विचारावा : हे पानापासून केलेले की आणलेले?

परदेशातून मागवायचे तर २००३ सालचा वनस्पती विलगीकरण आदेश लागू होतो. आधी आयात परवाना, मग पाठवणाऱ्या देशाचे रोगमुक्तीचे प्रमाणपत्र, आणि मुळांना माती चिकटलेली चालत नाही. पाकिटात लपवून मागवलेला माल कस्टममध्ये अडकला तर पैसेही गेले आणि झाडही. देशातल्या संग्राहकांकडून पाने घेणे सोपे आणि सरळ.

सुरुवात करणाऱ्याने तीन कुंड्या घ्याव्यात : एक मोरानेन्सिस, एक अग्नाटा, एक ‘वेझर’. एक दोन वेष करणारी, एक बारमाही सारखी, एक संकर. वर्षभर दर महिन्याला प्रत्येकीचे चित्र काढून वहीत चिकटवावे, फूल आले की घसा आणि शिंग मोजून लिहावे. कुंडीतली पट्टी प्लास्टिकची असावी आणि तीवर शिसपेन्सिलीने लिहावे. बॉलपेनची शाई उन्हात दोन हंगामांत उडते, मग वहीशिवाय सांगायला कोणी उरत नाही.